स्टेटस ठेवण्याआधी दादाला फोन

श्रोतेहो, नमस्कार.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि आईच्या फ्लॅटवरून बहीणभावाचं बिनसलं, असं धरून चला. ताईनं दादाला फोन केला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवलं: 'पैशापुढे रक्ताची नाती हरतात.' मावशीनं हात जोडले, मैत्रिणीनं 'खंबीर राहा' म्हटलं. स्टेटस कुणी पाहिलं त्या यादीत दादाचंही नाव होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं स्टेटस आलं: 'गोड बोलून गळा कापणारे ओळखा.'

स्टेटस २४ तासांत निघून जातं. पण तेवढ्यात सगळ्या गोतावळ्याला भांडण कळलेलं असतं, आणि मग ताईला माघार घ्यायची झाली तर ती सगळ्यांदेखत घ्यावी लागते. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. दोघांत मिटलं असतं, ते आता इज्जतीवर येतं.

धीर देणाऱ्यांचा दोष नाही. फ्लॅटचे हप्ते कुणी भरले, आईच्या दुखण्यात रात्री कोण जागलं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? दुखावलेल्या माणसाला कुणीतरी ऐकून घ्यायला हवंच. त्यासाठी एक मैत्रीण पुरते, पण 'तू त्याच्याशी बोललीस का?' असं विचारणारी हवी.

आपल्या शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातही नवराबायकोचं प्रकरण गेलं, तर आधी समेटाचा प्रयत्न होतो. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं, कलम ९ मध्ये, ती जबाबदारी न्यायालयावरच टाकली आहे. समुपदेशक दोघांना समोर बसवून बोलतं करतात. भावंडांच्या वाटणीचा वाद तिथं जात नाही, पण त्यासाठीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे कायद्याची मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, मध्यस्थी मागता येते.

मारहाण किंवा धमकी असेल, तर मात्र एकट्यानं समोर जाऊ नका. ११२ ला फोन करा, जवळच्या माणसांना सांगा. तिथं गप्प राहायला मी कुणालाच सांगणार नाही.

बाकी घरांत, रुसवा कितीही जुना असो, फोन उचला आणि म्हणा, 'दादा, रविवारी येते. फ्लॅटचं बोलायचंय. आधी तुझं म्हणणं सांग, मग मी माझं सांगते.' तो चिडेल कदाचित. चिडू द्या, रविवारी जा. आणि तोवर स्टेटसला हात लावू नका.

नमस्कार.