पाठीवरचा मुकुट

मंडळी, टेबलावरची ही संगीन आधी हातात घेऊन बघा. जपून, टोक अजून शाबूत आहे. पातं साधारण ३७ सेंटिमीटरचं, मुठीपाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद होत गेलेलं. त्यामुळे वजन पुढे जातं, कोयत्यासारखं. ब्रिटिश सैनिक हिला खाटकाची सुरी म्हणत. जर्मन लष्करातलं नाव 'झाइटेनगेवेअर ९८/०५'. १८९८ च्या माउझर रायफलीला बसणारी, १९०५ चा नमुना. भोसकण्याइतकंच झाडोरा तोडणं हेही तिचं काम होतं.

अशी वस्तू हाती आली की बहुतेक जण मुठीजवळ पात्यावर कोरलेलं नाव वाचतात आणि लगेच भाव विचारतात. तिथली अक्षरं ठळक असतात, त्यांचा दोष नाही. या नगावर आहे 'सिमसन आणि कंपनी, झूल'. झूल हे थुरिंगियातल्या बंदुका बनवणाऱ्या गावाचं नाव. बैलाच्या झुलीशी त्याचा काही संबंध नाही! पण हे नाव कारखान्याचं झालं. वस्तू कोणाच्या फौजेची आणि कोणत्या सालची, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून पातं आडवं धरा, धार खाली, पाठ वर. भिंग घ्या. मुठीलगत पाठीवर मुकुट दिसतो, त्याखाली डब्ल्यू, त्याखाली १५. ही सरकारी पावती आहे. तपासनिसानं पातं पास केलं, साल १९१५, राजा विल्हेल्म. जर्मन साम्राज्य एक असलं तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग यांच्या फौजांचा कारभार बराचसा वेगळा होता. बव्हेरियाच्या मुकुटाखाली एल येतो, सॅक्सनीच्या मुकुटाखाली फ्रिडरिख ऑगस्टची एफ आणि ए ही अक्षरं. वुर्टेम्बर्गच्या राजाचं नावही विल्हेल्मच, आणि तोही दुसरा! तेव्हा नुसता डब्ल्यू दिसला म्हणून प्रशिया म्हणून मोकळं होऊ नका. गॉथिक वळणाची जी बारकी अक्षरं इतरत्र दिसतात, ते तपासनिसांचे शिक्के.

आता आडव्या दांडीकडे या, मूठ आणि पातं यांच्या मध्ये. तिच्यावर कधी कधी '१०३. आर. ८. ५३.' अशा धर्तीचा मजकूर असतो. म्हणजे १०३ वी पायदळ रेजिमेंट, आठवी कंपनी, त्रेपन्नावं हत्यार. मला विचाराल तर अख्ख्या संगिनीवर यापेक्षा मोलाची ओळ नाही. कारखान्यातून निघालेल्या ढिगातली ही एक वस्तू कोणत्या कंपनीच्या कोठारात गेली, ते ती सांगते.

करवतीचे दाते असलेल्या संगिनींबद्दल एक सांगतो. दाते पाठीवर असायचे, ते लाकूड कापायला. पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या प्रचारानं त्याला क्रौर्याचा पुरावा ठरवलं, आणि १९१७ पासून जर्मनांनीच बऱ्याच पात्यांवरचे दाते घासून काढायला घेतले. तेव्हा पाठ विचित्र पातळ वाटली, तर ती गंजानं झिजली असं धरून चालू नका. मुठीच्या पाठीवरचा हा पत्रा पाहिलात? गोळी सुटताना नळीतून येणाऱ्या जाळापासून लाकडी मूठ वाचवण्यासाठी तो आहे. १९१५ पासून असे पत्रे येऊ लागले आणि जुन्या संगिनींनाही बसवले गेले.

पुढच्या पिढीची संगीन म्हणजे ८४/९८. पातं आखूड, २५ सेंटिमीटरच्या आसपास. इथे खरी गंमत आहे. १९३४ च्या सुमारास पात्यावर 'एस/१७२' आणि जोडीला 'के' अशा खुणा येतात. एस/१७२ म्हणजे सोलिंगेन गावचा कारखाना कार्ल आइकहॉर्न, के म्हणजे १९३४, पुढच्या सालाला जी. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानं जर्मनीच्या शस्त्रांवर मर्यादा घातली होती, म्हणून नाव झाकायचं. मग काही वर्षं नाव उघड छापलं जातं. १९४० पासून पुन्हा लपवाछपवी सुरू. आता आइकहॉर्न होतो 'सीओएफ', ह्योर्स्टर हा दुसरा कारखाना होतो 'एएसडब्ल्यू'. म्हणजे नाव लपवायची रीतच साल सांगते. लष्करी कामाच्या संगिनीवर गरुडाचा शिक्का असतो तो तांदळाच्या दाण्याएवढा, मुठीच्या टोकाला. पात्यावर भलं मोठं नाझी स्वस्तिक दाखवून कोणी ती रणांगणावरची म्हणून विकत असेल, तर खिशातला हात बाहेर काढू नका.

आणि ते 'सिमसन' नाव. तहानंतर जर्मन सैन्याला रायफली पुरवायची मुभा याच कारखान्याला होती. मालक ज्यू. १९३५-३६ मध्ये नाझी राजवटीनं कारखाना त्यांच्याकडून हिसकावला, कुटुंबाला देश सोडावा लागला. त्यांचं नाव या पात्यावर राहिलं, कैसरच्या मुकुटाच्या शेजारी.

आता म्यान बघू. त्यावरचा क्रमांक आणि दांडीवरचा क्रमांक जुळत नाही, पाहिलंत? पातं एकाचं, म्यान दुसऱ्याचं.