माटोळी एकट्यानं बांधता येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या प्रत्येक मूळ घरात एक हिशेब सुरू होतो. यंदा कोण कोण येणार? मुंबईचा भाऊ सुट्टी टाकून येणार, वास्कोचे दीड दिवस राहून जाणार, पुण्याच्या नातवंडांची परीक्षा आहे. मग आवाज जरा खाली आणून कुणीतरी विचारतं, "आणि ते? ते आले तर हे येतील का?" या 'ते' आणि 'हे' यांच्यामध्ये जो अबोला असतो, त्याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

भांडणाची मला फारशी भीती वाटत नाही. चार माणसं एका छपराखाली राहिली की भांड्याला भांडं लागायचंच. भांडताना माणूस तोंड तरी उघडतो, मनात साचलेलं बाहेर टाकतो. अबोल्यात सगळं आतच राहतं. पहिले काही दिवस राग असतो, वर्षभरात त्याची सवय होते, आणि पुढं तर मूळ कारण काय होतं हेही दोघं दोन तऱ्हेनं सांगतात. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, म्हणून तर मिटवायला गेलेला तिसरा माणूस हात हलवत परत येतो.

मतभेद म्हणजे काय हे गोव्यातल्या आमच्या आधीच्या पिढीनं पुरेपूर पाहिलं आहे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणणाऱ्यांची खूण फूल, संघप्रदेश राहू दे म्हणणाऱ्यांची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. एवढ्याशा मुलखात इतकी मतं दोन्हीकडे विभागली गेली, म्हणजे कितीतरी घरांच्या ओसरीवरच ही फाळणी झाली असणार. आमच्याकडे माझे सासरे फुलाचे आणि त्यांचे सख्खे चुलतभाऊ दोन पानांचे. निकाल लागला त्या दिवशी चुलतभावांनी आपल्या अंगणात फटाके वाजवले. सासरे आतल्या खोलीत जाऊन पडले. संध्याकाळी तेच चुलतभाऊ नेहमीप्रमाणे चहाला आले. सासूबाई सांगायच्या की सासऱ्यांनी मान वर न करता त्यांना म्हटलं, "बस. पण तो विषय आज काढू नको." चुलतभावांनी तो काढला नाही. पुढं आयुष्यभर त्यावरून दोघांचे वाद झाले, पण संध्याकाळचा चहा चुकला नाही.

विषय बंद ठेवायचा, दार उघडं ठेवायचं. त्या माणसांना हे जमत होतं. आम्हाला ते जड का जावं, याचा मी बराच विचार केला आहे.

गोव्यात यामागं बहुतेक वेळा घर आणि जमीन असते. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू आहे आणि वारसाहक्काची त्याची मूळ चौकट आजही टिकून आहे. मुलगा असो वा मुलगी, सगळ्या अपत्यांचा वाटा सारखा. मुलं असतील तर आईवडिलांना मृत्युपत्रानं फार तर अर्ध्या मालमत्तेची व्यवस्था आपल्या मनाप्रमाणे लावता येते, उरलेला अर्धा मुलांच्या हक्काचा. लग्नानंतर, वेगळा करार केला नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता एकत्र. मला या कायद्याचा अभिमान आहे. देशात इतरत्र मुलींना जे फार उशिरा मिळालं, ते इथल्या लेकींना कागदावर कितीतरी आधी मिळालं होतं. पण याच समान वाट्यामुळं तीन पिढ्यांनंतर एका घराच्या कागदावर इतकी नावं येतात की घर कुणाचं हे घरालाच कळत नाही. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या, त्यांच्या बायकानवऱ्यांच्या सह्या. एकजण मुंबईत, एकजण पोर्तुगालात, एकाचा पत्ताच नाही. मग इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा दावा, तारखा, वकील. तोवर पावसाआधी छपरावरचे नळे, म्हणजे कौलं, कुणी परतायचे यावर कुणाचंच एकमत होत नाही. वाटेनं जाताना राजांगणात, म्हणजे मधल्या चौकात, झाडं उगवलेली घरं दिसतात ना, त्यातली कित्येक गरिबीनं पडलेली नसतात. दोन भावांनी एकमेकांना "यंदा नळे परतूया का?" एवढं विचारलं नाही, म्हणून ती पडलेली असतात.

आणि लेकींचं काय सांगू? कायद्यानं वाटा आहे, पण भाऊ कागद पुढं करतात आणि सही करून दे म्हणतात. सही केली तर माहेर टिकतं. वाटा मागितला तर भावजय बोलेनाशी होते, चवथीचं बोलावणं तुटक होत जातं आणि एका वर्षी येतच नाही. आपला हक्क मागणाऱ्या बहिणीशी अबोला धरणं हा मला या सगळ्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. इथं मिटवायची जबाबदारी दोघांवर सारखी आहे असं मी म्हणणार नाही. ती भावावर आहे.

मी पुष्कळ वर्षं शाळेत शिकवलं. घरात अबोला असलेली मुलं वर्गात ओळखू यायची. त्या मुलांना निरोप्याचं काम करावं लागतं. "काकाला सांग, गाडी बाजूला घे." "तुझ्या आजोबांना म्हणावं, जेवण वाढलंय." काका तिथंच दोन हातांवर बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू येत असतं, तरी ते वाक्य मुलाच्या तोंडातून जायला हवं. कुठल्या खुर्चीवर कोण बसतो, कोण आला की कोण उठून आत जातो, कुणासमोर कुणाचं नाव काढायचं नाही, हे सगळं सात-आठ वर्षांच्या मुलाला पाठ असतं. पाढ्यांपेक्षा पक्कं. अशी मुलं शब्द फार जपून वापरतात. कुणी विचारलं तर आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. ते बघणं माझ्या जिवाला लागायचं.

घरच्या बायकांनाही त्याची किंमत मोजावी लागते. अबोला दोन भावांचा, पण जावा एकाच परसात कपडे वाळत घालतात, एकाच विहिरीचं पाणी काढतात. नवऱ्यांसमोर बोलायचं नाही म्हणून त्या परसदारी हळू आवाजात बोलतात, एकमेकींना आमटीची वाटी पदराखालून देतात. दोन्ही घरं सांधून ठेवायचं काम त्या वर्षानुवर्षं करतात आणि कुणी त्यांचं नावही घेत नाही.

आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. अबोला धरलेली माणसं एकमेकांची जितकी खबर ठेवतात तितकी बोलणारीसुद्धा ठेवत नाहीत. त्याच्या मुलाला कुठं नोकरी लागली, त्याची साखर किती वाढली, त्यानं गाडी कधी बदलली, सगळं माहीत. नातं तुटलेलं असतं तर एवढी चौकशी कशाला झाली असती? दोघंही खरं तर वाट बघत असतात. फक्त प्रत्येकाला वाटतं, आधी त्यानं बोलावं.

आता माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीकडे येते.

आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावात शेजारी दोन भाऊ आहेत. मूळ घर एकच, मधून वाटून घेतलेलं, पण गणपती एकच, समाईक सोप्यात. विहिरीवरच्या पंपाचं वीजबिल कुणी भरायचं यावरून त्यांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं ते कित्येक वर्षं. चवथीत एक बसला की दुसरा उठायचा. माटोळी बांधायचं काम थोरल्याचा मुलगा करायचा. एका वर्षी तो जहाजावर नोकरीला होता, सुट्टी मिळाली नाही. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी माटोळी जमिनीवरच.

ज्यांनी माटोळी बांधली आहे त्यांना ते काम ठाऊक आहे. गणपतीच्या डोक्यावर, छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड म्हणजे नारळांचा घोस, सुपारीचे घोस, केळीचा घड, तवशी, चिबूड, तोरिंगण, लालभडक कवंडळं, कांगलं, आंबाडे, आंब्याचे टाळे. सगळं केवणीच्या दोऱ्यांनी बांधायचं. एका बाजूला पेंड लावली की चौकट तिकडं कलते, मग दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं काहीतरी हवं. वरती स्टुलावर एक माणूस गाठ मारणारा आणि खाली एक माणूस वजन तोलून धरणारा, दोघं लागतातच. एकट्यानं ते होत नाही, कितीही जोर असला तरी.

थोरला स्टुलावर चढला. त्याची बायको खाली उभी राहिली, पण पेंड तिला पेलेना. मी बाजूला बसून केवणीच्या दोऱ्या हातात देत होते. धाकटा दारात उभा होता. तो पुढं आला, वहिनीच्या हातातून पेंड घेतली आणि दोन्ही हातांनी वर उचलून धरली. वरून आवाज आला, "धर नीट." खालून, "धरलंय." मग "अजून वर घे." "तुझ्या बाजूला खाली येतंय, तिथं तवशी बांध." "दोरी दुहेरी घाल, मागच्या वर्षी सुटली होती." मागच्या वर्षी धाकटा तिथं आलाही नव्हता, पण दोरी सुटल्याचं त्याला माहीत होतं. दोन्ही जावा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणीही काही बोललं नाही. बोलायला नकोच होतं.

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही, कुणी क्षमा मागितली नाही. रात्री घुमट आरतीला धाकट्यानं घुमट हे मातीचं वाद्य घेतलं, थोरल्यानं कांसाळें, म्हणजे झांज. दुसऱ्या दिवशी पातोळ्या दोन्ही चुलींवर झाल्या, पण ताट एक. वीजबिलाचा प्रश्न तसाच आहे, त्यावरून अजून आवाज चढतात. पण आता आवाज तरी ऐकू येतात.

हे का घडलं? मला वाटतं, समोरासमोर बसवून "झालं गेलं विसरा, बोला आता" म्हटलं की माणूस आणखी आखडतो. कारण मग आधी कोण बोललं याचा हिशेब राहतो. हातात काम असलं की डोळे एकमेकांकडे नसतात, चौकटीकडे असतात. "धर", "सोड", "वर घे" यात कुणाचा मानापमान नाही. ते काम बोलतं, माणूस फक्त तोंड देतो. आपल्या जुन्या माणसांनी सणांमध्ये दोघातिघांशिवाय होणार नाहीत अशी कामं ठेवली, नेवऱ्या म्हणजे करंज्या लाटायच्या, घुमट आरती म्हणायची, मूर्ती विसर्जनाला न्यायची. ती मुद्दाम ठेवली का, हा वाद मी घालत नाही. पण आज माटोळी तयार मिळते, नेवऱ्या दुकानातून येतात, आरती मोबाइलवर लागते, आणि घरातली दोन रुसलेली माणसं एकमेकांची गरज न पडता पाच दिवस काढू शकतात. हे मला धोक्याचं वाटतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं टाकणारे दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात गेलेले नसतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या घरात मारहाण झाली, एखाद्या मुलीला वा सुनेला त्रास झाला, तिथं बोलणं तोडणं हा तिचा बचाव आहे. सणाच्या नावाखाली तिला परत त्या माणसासमोर बसवू नका. मी जे बोलते आहे ते पंपाच्या बिलाबद्दल, कुंपणाच्या हाताभर जागेबद्दल, लग्नात मान राहिला नाही म्हणून धरलेल्या रागाबद्दल.

असा कुणी तुमच्या मनात आत्ता आला असेल तर एक सुचवते. माफीचा विषय काढू नका, जुना कागद उघडू नका. काहीतरी खरंच लागणारं मागा. "गणपती आणायला तुझी गाडी मिळेल का?" "बाबा असताना कवंडळं कुठून आणायचे रे?" "माटोळी धरायला माणूस नाहीये, तासभर येशील?" फोन उचलला नाही तर मुलाला पाठवू नका, स्वतः जा. दार उघडलं नाही तर परत या आणि विसर्जनाआधी नेवऱ्यांचा डबा घेऊन पुन्हा जा. मुलांनी विचारलं तर त्यांना खरं काय ते सांगा, की काकांशी आमचं पटत नव्हतं आणि आता पटवून घ्यायचं आहे. त्यांना सांगायला हवंच, कारण ती कधीपासून तुमच्या तोंडाकडे बघत आहेत.

फोंड्याला, म्हापशाला, पणजीला माटोळीचा बाजार आता एक-दोन दिवसांत भरेल. सामान जड असतं, जाताना बरोबर कुणालातरी घेऊन जा.

नमस्कार.