हेड उतरवायच्या आधी

(इंजिन न खोलता आत कॅमेरा सोडून बघण्याविषयी परभणीत ट्रॅक्टर मिस्त्री आणि शेतकऱ्यांपुढं केलेलं भाषण, थोडं आवरून)

मंडळी, हातात काय आहे ते मागच्यांना दिसतंय का? लायनर आहे, माझ्याच ट्रॅक्टरचा. म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती इंजिनातली नळी. घरी ह्यात झारे-उलथनी असतात. आज बायकोकडनं संध्याकाळपुरता मागून आणलाय.

झालं असं. मृग तोंडावर आलेला, आणि ट्रॅक्टर सकाळी चालू केला की निळा धूर. थोडा चालला की कमी. मिस्त्रीनं लांबूनच धूर बघितला, म्हणाला, "मालक, पिस्टनच्या रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागतंय, लायनर-पिस्टन सगळं नवं." मीही नंदीबैलासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, खाली, पिस्टन गोणपाटावर अन् वर ढग. सामान यायला चार दिवस. शेजाऱ्याचं सोयाबीन पेरून झालं, मी बांधावर उभा राहून त्याला शुभेच्छा दिल्या. मग नवे लायनर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट. स्टार्टर मारला, आणि निळा धूर! हसू नका, पैसे माझे होते.

हेडमधले व्हॉल्व्हचे गाइड, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यांत सरकतात त्या नळ्या, झिजले होते. तेल वरनं उतरत होतं. हेड खाली पडलेलं असताना त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही, मीसुद्धा.

हा लायनर फिरवा सगळ्यांत. आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात ना? होनिंगच्या. तेल धरून ठेवायला मुद्दाम पाडलेल्या असतात. नख फिरवा, कुठं अडतंय? धडधाकट गडी, मी त्याला उलथन्यांच्या चाकरीला लावला.

बोअर आटलं की आपण आधी कॅमेरा सोडतो. केसिंग कुठं फुटलं, झिरा कुठं आहे, माना वाकड्या करून तासभर बघतो. जमिनीतल्या बोअरला हा मान, आणि इंजिनच्या बोअरला थेट पाना?

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण. तर तिकडं जर्मनीत 1806 साली फिलिप बोझिनी नावाच्या डॉक्टरानं मेणबत्ती आणि आरसा लावून माणसाच्या शरीरात डोकवायचं यंत्र केलं. आता कॅमेराच वायरच्या टोकाला बसलाय, चित्र मोबाइलवर. जर्मनीचं झालं, परभणीचं राहिलंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत.

कॅमेरा साडेपाच मिलिमीटर जाडीचा घ्या. डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या भोकातनं तो आत सोडायचा, आणि आठचा तिथं कित्येकदा जात नाही. इंजिन गार. बॅटरीची वायर काढलेली, चावी खिशात. नोझलभोवतीची माती आधी हवेनं उडवा, नाहीतर तीच आत जाते. नोझल काढा, इंजिन हातानं फिरवून पिस्टन खाली न्या, मग कॅमेरा सोडा. तिरप्या रेघा शाबूत असल्या तर लायनरला हात लावायची घाई नको. खोल उभे ओरखडे दिसले तर धूळ गेली असेल, एअर क्लीनर बघा. एकच पिस्टन धुतल्यासारखं लख्ख असलं तर पाणी येत असावं, हेडखालच्या गॅस्केटवर संशय घ्या. इनटेकचा, म्हणजे हवा आत नेणारा, पाइप काढून त्या भोकातनंही बघा: व्हॉल्व्हच्या दांडीवर ओलं तेल असलं की माझी गोष्ट आठवा. रिंगा मात्र कॅमेऱ्याला दिसत नाहीत, त्याला कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासावंच लागतं. नोझल बसवताना तांब्याचं वॉशर नवं.

आणि भिंती बघायला बाजूची लेन्स असलेला कॅमेरा घ्या. टोकाला क्लिपनं अडकवायचा आरसा मिळतो, तो नको. आत सुटून पडला की हेड उतरवावंच लागतं. मला कसं माहीत, ते चहा पिताना सांगतो.