कंपवाताच्या नव्या औषधासाठी देणगी द्यायची, तर कुठे आणि कशी?

नमस्कार मंडळी. घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण असला की वाटतंच, नव्या औषधाच्या शोधाला आपणही हातभार लावावा. जरूर लावा, पण आधी पैसा कुठे अडतो ते बघू.

कंपवातावरची नेहमीची गोळी, लेव्होडोपा, मेंदूत कमी पडलेलं डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं रसायन) भरून काढते, अंग मोकळं होतं. डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींचं मरणं मात्र ती थांबवत नाही. ते थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध आज जगात एकही नाही.

कारण चाचणीच अवघड आहे. रोग हळू सरकतो, प्रत्येकाचा वेग वेगळा, त्यात चालू गोळ्या लक्षणं झाकतात. मधुमेहाचं एक्सेनाटाइड इंजेक्शन बघा. लंडनमधल्या सुमारे 60 रुग्णांच्या चाचणीत 2017 साली आशा दिसली. मग ब्रिटनमध्ये 194 रुग्णांवर 96 आठवडे मोठी चाचणी झाली आणि 2025 मध्ये निकाल आला: फायदा नाही. हा पैसा वाया गेला असं आम्ही मानत नाही. नाहीतर आशेच्या जोरावर हजारो लोक ते इंजेक्शन घेत बसले असते. जुन्या औषधाच्या अशा चाचणीत कंपन्यांना फारसा नफा दिसत नाही. इथे सरकारी निधी आणि देणग्याच लागतात.

आता आपल्याकडचं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा निपाणीच्या रुग्णाला चाचणीतल्या दर तपासणीला बेंगळुरू गाठायचं म्हटलं, तर सोबत एक माणूस, दोघांचं भाडं, मुक्काम, बुडालेली मजुरी. दोन खेपांनंतर रुग्ण येणं सोडतो. असे बरेच गळाले की निकालावर भरवसा राहत नाही. म्हणून चाचणी घेणाऱ्या संस्थेला विचारा: प्रवासखर्चासाठी वेगळा निधी आहे का? मंडळाच्या वर्गणीतली शिल्लकही तिथे कामाला येते.

देणगी चेकने किंवा ऑनलाइन, थेट संस्थेच्या खात्यात द्या. सोबतच्या पत्रात ‘फक्त कंपवात संशोधनासाठी’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर रक्कम सर्वसाधारण निधीत जाऊ शकते. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला करवजावट नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच मिळत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. स्टेम सेलने, म्हणजे मूळपेशी देऊन, कंपवात बरा करतो म्हणून कोणी लाखो रुपये मागितले, तर देऊ नका. कंपवातावर हा उपचार आपल्याकडे मान्य नाही. तो फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. ‘सीटीआरआय’ (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा आणि तो तिच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत पुढे केलं आणि ते समजत नसेल, तर सही करू नका. रुग्णाला कळणाऱ्या भाषेत ते मिळणं हा त्याचा हक्क आहे. मराठीत मागा, घरी आणा, चार माणसांत वाचा, मग ठरवा.