सहा हजार इलेक्ट्रॉनांची मोजणी

समोर दिसतोय तो बीपीडब्ल्यू ३४, प्रकाश ओळखणारा साधा फोटोडायोड. क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस मिलिमीटर. याच चिपवर घरगुती क्ष-किरण वर्णपटमापक उभा राहतो, म्हणजे क्ष-किरणांच्या ऊर्जा मोजून नमुन्यातला धातू ओळखणारे उपकरण.

सिलिकॉनमध्ये शोषलेल्या फोटॉनच्या दर ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो. चांदीचा मुख्य क्ष-किरण २२.१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. त्यातून हाती येतात सुमारे ६,१०० इलेक्ट्रॉन, म्हणजे एक फेम्टोकूलॉम. म्हणून खरी मेहनत सॉफ्टवेअरवर नाही, नॉइज, म्हणजे सर्किटमधली नको असलेली विद्युत खळबळ, दाबण्यावर घ्यायची.

डायोडला २७ व्होल्टचा उलटा बायस द्या, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्यांमधून. अ‍ॅडॉप्टर नकोच. बायसमुळे डायोडची धारिता घटते आणि नॉइज उतरतो. पुढे कमी नॉइजचा जेफेट (सिग्नल वाढवणारा ट्रान्झिस्टर), १ पिकोफॅरडचा फीडबॅक कपॅसिटर, त्याला समांतर १ गिगाओहम. चांदीचा पल्स इथे फक्त १ मिलिव्होल्ट भरतो. जेफेटच्या गेटचा, म्हणजे इनपुट टोकाचा, सांधा बोर्डावर न टेकवता अधांतरी सोल्डर करा आणि फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. राहिला, तर पावसाळी हवेत गळती वाढून सगळा वर्णपट पसरतो.

डबी डाय-कास्ट अ‍ॅल्युमिनियमची. खिडकीवर स्वयंपाकघरातली फॉइल, डबीला अर्थ केलेली. फटींवरून टॉर्च फिरवा. नॉइज उसळला, तर प्रकाश आत शिरतोय. टेबलावर टिचकी मारल्यावर पल्स आला, तर डायोडची तार हलतेय.

पल्सची उंची संगणकाच्या साउंड कार्डाने मोजायची. ४८ किलोहर्ट्झचे साउंड कार्ड दर २१ मायक्रोसेकंदांनी एकदाच पाहते. त्यामुळे पल्स १०० मायक्रोसेकंदांपर्यंत रुंद करावा लागतो, नाहीतर त्याची उंची चुकीची मोजली जाते.

नमुन्यातल्या धातूतून क्ष-किरण उठवणारा स्रोत किरणोत्सारी अमेरिशियम-२४१, परवानाधारक प्रयोगशाळेतला, सीलबंद. धूरशोधक फोडून तो काढू नये, कधीच. त्याची धूळ श्वासात गेली, तर अल्फा किरण शरीराच्या आतून इजा करतात. स्रोत आणि डायोड यांच्यामध्ये १ मिलिमीटर शिसे ठेवा, स्रोताचे ५९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे थेट किरण ९९ टक्क्यांहून जास्त अडतात. नमुन्यावरून येणारेच किरण मग डायोडला दिसतात.

कॅलिब्रेशनपुरते, म्हणजे पल्सची उंची आणि ऊर्जा यांचा मेळ घालण्यापुरते, शिसे काढायचे. ५९.५, १७.८ आणि १३.९ या तीन रेषा पुरतात. शेवटच्या दोन नेप्च्युनियमच्या, अमेरिशियमच्या क्षयातून बनणाऱ्या मूलद्रव्याच्या.

आता चांदीचे नाणे ठेवा, मग कथिल. शिखरे २२.१ आणि २५.२ वर. ती ३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टहून रुंद असतील, तर दोन्ही धातू एकत्र ठेवल्यावर वेगळे दिसत नाहीत. तांब्याचे ८ तर नॉइजमध्येच बुडते. आणि ४८ ते ५३ च्या दरम्यानचा रुंद उंचवटा कुठल्या मूलद्रव्याचा नाही. तो नमुन्यावरून विखुरताना थोडी ऊर्जा गमावलेल्या ५९.५ चा, म्हणजे कॉम्प्टन परिणामाचा.