पात्र म्हणजे फंक्शन नव्हे

मंडळी, आजचा विषय आहे ‘जुन्या मालिकेतल्या नव्या फाइटिंग गेमची पारख’. तिकडे येतोच. पण त्याआधी एका गेमबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिट: मार्व्हल कॉमिक्सची पात्रं आणि कॅपकॉम या जपानी गेम कंपनीची पात्रं एकमेकांशी लढवणाऱ्या मालिकेतला गेम. बघा, मागच्या रांगेतून सुस्कारा आलाच! म्हणजे मी योग्य लोकांसमोर उभा आहे.

मालिकेची सगळी वंशावळ तुम्हाला सांगायला नको. ती एक्स-मेनच्या, मार्व्हलच्या त्या सुपरहिरो मंडळींच्या, खांद्यावर उभी राहिली, एवढं मात्र विसरू नका. १९९४ चा चिल्ड्रन ऑफ द ॲटम, मग १९९६ चा एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर. २००० साली मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ आला, ५६ पात्रांचा, आणि स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं ठाण मांडून कोण बसलं? मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल, सगळे एक्स-मेनच्याच गोष्टींतले. अशा घराण्यात १९ सप्टेंबर २०१७ ला इन्फिनिट जन्माला आला. पात्रं ३०. त्यात एक्स-मेन एकही नाही.

त्याच वर्षीच्या एका मुलाखतीत हा विषय निघाला. कॅपकॉमच्या बाजूने जे उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा: नीट विचार केला तर पात्रं म्हणजे नुसती फंक्शन्स, ठरावीक कामं करणारी साधनं. मॅग्नेटो तुम्हाला का आवडतो? तो वेगवान आहे आणि हवेत आठही दिशांना डॅश, म्हणजे झटक्यात झेप, मारतो म्हणून. मग नोव्हा तेच करतो, कॅप्टन मार्व्हल तेच करते, अल्ट्रॉनही तेच करतो. त्यांना घेऊन खेळा.

हे मला आजही लागतं. आठ दिशांच्या डॅशबद्दल ते खोटं बोलत नव्हते, म्हणून तर जास्तच लागतं.

मॅग्नेटोचा ट्राय-जंप आठवा. पुढे उडी, पाय जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच स्टिक तिरकी खाली आणि दोन पंच एकत्र. तो तिरका खाली झेपावतो आणि उतरता उतरता लाथ घालतो. समोरचा बसून ब्लॉक करत, म्हणजे फटका अडवत, असेल, तर ती लाथ बसलीच. उठून ब्लॉक केला, तर पाय टेकताच खाली बसून हलकी किक. समोरच्याला ओळखायला वेळच नाही. पण उडी आणि डॅश यांच्यातलं अंतर किंचित जरी वाढलं, तरी मॅग्नेटो नको तितक्या उंचीवर लोंबकळत राहतो आणि समोरचा त्याला निवांत फोडून काढतो. ते अंतर कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. बोटांत मुरावं लागतं, आणि मुरायला वर्षं जातात. ज्याची ती वर्षं गेली, त्याला सांगायचं की नोव्हा घे, तोही उडतो! तबलजीकडून तबला काढून घ्यावा आणि ढोल पुढे करावा, कातडं दोन्हीला आहे म्हणून, तसं हे झालं.

शिवाय पात्र निवडताना माणूस फक्त डॅश निवडत नाही. मॅग्नेटोचा तो तोरा, हात पसरून हवेत उभं राहणं, हरवल्यावर समोरच्याला होणारा तो खास मनस्ताप, हे सगळं त्याने निवडलेलं असतं.

जाता जाता आणखी एक. तेव्हा एक्स-मेनच्या सिनेमांचे हक्क फॉक्सकडे होते आणि म्हणूनच ती मंडळी वगळली गेली, असा चाहत्यांचा कयास होता. फॉक्सच्या खरेदीचा करार मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने जाहीर केला १४ डिसेंबर २०१७ ला. इन्फिनिट येऊन तीन महिनेही झाले नव्हते!

आणि माझं खरं दुःख असं, की लढत उत्तम होती. ॲक्टिव्ह स्विच घ्या. चालू कॉम्बोच्या, म्हणजे सलग फटक्यांच्या, मधोमध टीममधल्या जोडीदाराला आत आणता येत होतं. स्पेस स्टोनने समोरच्याला चौकोनात कोंडायचं, सोल स्टोनने पडलेल्या जोडीदाराला उठवायचं, असे खास ताकद देणारे सहा स्टोन. तीनऐवजी दोघांची टीम केली आणि असिस्ट, म्हणजे बाहेरच्या जोडीदाराने क्षणभर येऊन केलेली मदत, काढले, तरी त्या व्यवस्थेत जीव होता. पुढे २०२४ मध्ये चाहत्यांनीच मॉड करून, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल करून, त्या मेणचट चेहऱ्यांचं रूप पालटलं, तेव्हा तोच खेळ बघवतही होता. पण २०१८ च्या इव्होच्या, फाइटिंग गेमच्या त्या मोठ्या वार्षिक स्पर्धेच्या, यादीत इन्फिनिटचं नाव नव्हतं. नाव होतं ड्रॅगन बॉल फायटरझीचं, तिघांच्या टीमचं, असिस्टसकट. आदल्या वर्षी तर खेळाडूंनी वर्गणी काढून याच मालिकेतला जुना अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३ इव्होत आणला होता. लोकांना काय हवं होतं ते आणखी कसं सांगायचं?

पाच मिनिटं उरल्याची खूण झाली. तर मुद्दा. नवा भाग हातात आला की आधी बघा, जुन्या खेळाडूच्या हातातलं त्यात किती चालतं. कुणी म्हणेल, कॅपकॉमच्याच १९९७ च्या स्ट्रीट फायटर ३ मध्येही जुन्यांपैकी फक्त रियू आणि केन होते. बरोबर. पण बदल्यात पॅरी, म्हणजे ऐन क्षणी फटका परतवणं, दिलं, नव्या पात्रांना नवं म्हणूनच उभं केलं, आणि त्याच्याच १९९९ च्या थर्ड स्ट्राइक या आवृत्तीत जुनी चुन-ली परत आली. २००४ च्या इव्होत दाइगो या जपानी खेळाडूने त्याच चुन-लीच्या सुपर हल्ल्याचा एकेक फटका पॅरी केला, ते तुम्हाला पाठच आहे.

दुसरं, बनवणारा टिकून राहतो का ते बघा. स्ट्रीट फायटर ५ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात एकट्याने कॉम्प्युटरविरुद्ध खेळायचा आर्केड मोडसुद्धा नव्हता. लोक चिडले, आणि योग्यच चिडले. तो मोड जानेवारी २०१८ मध्ये मिळाला, पण नवी पात्रं २०२१ पर्यंत येत राहिली आणि गेम सावरला. इन्फिनिटला सहा पात्रं मिळाली, तीही २०१७ मध्येच, आणि पुढे काम थांबलं. लढत चांगली असूनही तो गेम मालिकेच्या स्वतःच्याच माणसांनी खाली ठेवला, आणि याचा दोष मी त्या माणसांना देणार नाही.

वेळ संपली. प्रश्न घेऊ. मॅग्नेटोवाल्यांनी आधी हात वर करा.