लग्न कोण लावतं?

[दृश्य: वसईतलं एक चर्च. ऑफिसात बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर, पान उलटताना.]

कॅथलिक लग्नाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सकाळी असली, तरी तिची तयारी काही महिने आधी या टेबलावर सुरू होते. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले लागतात, तेही नव्याने काढलेले, साधारण सहा महिन्यांच्या आतले. घरच्या फायलीतला जुना चालत नाही. का, ते या पानाच्या समासात दिसतं. माणसाचं लग्न कुठेही होवो, त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चमध्ये कळवली जाते. आधीचं लग्न असेल, तर ते नव्या दाखल्यावर उतरतं.

मग फादर दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. कुणाचा दबाव आहे का? मुलं नकोतच, असं मनात ठरवलंय का? काही लपवलंय का? पाहुण्यांना ही नुसती कागदपत्रं वाटतात. लग्न मोडलं आणि चर्चच्या न्यायालयात गेलं, तर तिथेही याच प्रश्नांची उत्तरं तपासली जातात.

[दृश्य: वेदीसमोर वधू-वर. पहिल्या बाकावर लाल लुगड्यातली आजी.]

इथे फादर तीन गोष्टी विचारतात: स्वखुशीने आलात ना? आयुष्यभर एकमेकांना प्रेम आणि मान द्याल? देवाच्या हातून मुलं स्वीकाराल? जोडपं उतारवयाचं असेल तर शेवटचा प्रश्न गाळता येतो.

[दृश्य: उजवे हात एकमेकांत. जवळून.]

आता वचन. ते दोघं स्वतः उच्चारतात. लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक परंपरेत हा संस्कार फादर देतच नाहीत. नवरा नवरीला देतो, नवरी नवऱ्याला. फादर चर्चच्या वतीने ही संमती मागतात आणि स्वीकारतात. (केरळातल्या सिरो-मलबार कॅथलिकांमध्ये मात्र धर्मगुरूच्या आशीर्वादावाचून लग्न लागत नाही.) अंगठी घरी विसरली तरी लग्न होतं. संमती खोटी असेल, तर सोन्याने मढवूनही होत नाही.

चोरून झालेल्या लग्नांचा घोळ आवरायला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ मध्ये फादर आणि साक्षीदार सक्तीचे केले. म्हणून नात्यातले फादर बाहेरगावाहून लग्न लावायला येतात, तेव्हा इथल्या प्रमुख फादरांची परवानगी आधी घ्यावी लागते. ती राहिली, तर लग्नाची वैधताच अडचणीत येते.

[दृश्य: रंगीत काच. आदाम आणि हव्वा.]

शब्द दिले, पण वचन अजून पुरं झालेलं नाही. उरलेलं शरीराने बोलायचं असतं.

परुश्यांनी, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांनी, घटस्फोटाचं विचारलं, तेव्हा येशू मोशेने दिलेल्या घटस्फोटाच्या सवलतीपाशी थांबला नाही. तो थेट आरंभाकडे गेला: देवाने त्यांना नर आणि नारी असं निर्माण केलं, ती दोघं एकदेह होतील. पोप दुसरे जॉन पॉल यांनी सप्टेंबर १९७९ ते नोव्हेंबर १९८४ या काळात बुधवारच्या सभांमधून हेच उत्तर उलगडलं. आदाम सगळ्या प्राण्यांना नावं देतो आणि तरी एकटाच राहतो. हव्वा दिसते, तेव्हा तो म्हणतो, हे माझ्या हाडातलं हाड, मांसातलं मांस. ती त्याच्यासारखीच माणूस, म्हणून बरोबरीची. आणि वेगळी, म्हणून दोघांना स्वतःला एकमेकांच्या स्वाधीन करता येतं. तिने चूल सांभाळावी आणि त्याने वाडी, अशी वाटणी यातून काढू नये. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात सांगितलेली पती-पत्नीतली अधीनता दोघांनी एकमेकांची पाळायची, हे याच पोपनी १९८८ मध्ये स्पष्ट लिहिलंय.

चर्चची १९८३ ची कायदेसंहिता हे एकदेह होणं शब्दशः धरते. संमती झाली पण शरीरसंबंध आलाच नाही, तर असा विवाह पोप मोडू शकतात. दोघा बाप्तिस्मा घेतलेल्यांचा वैध विवाह संबंधाने पूर्ण झाला, की मग मृत्यूखेरीज तो कुणालाच मोडता येत नाही. लग्नाआधीपासून असलेली कायमची नपुंसकता विवाह अवैध ठरवते, पण वंध्यत्व ठरवत नाही. मूल झालंच पाहिजे अशी अट नाही. एकदेह होता आलं पाहिजे. मुलाची शक्यता मात्र मुद्दाम पुसायची नाही. म्हणून १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन नाकारलं आणि पाळीचे दिवस पाहून अंतर ठेवायची मोकळीक दिली.

समलिंगी जोडप्यांना या संस्कारात जागा नाही. चर्चने लग्न अवैध ठरवलं, तरी भारतीय कायद्यात तो घटस्फोट होत नाही. त्यासाठी कोर्टात वेगळं जावं लागतं.

[दृश्य: सह्या. पेन हातोहात फिरतंय.]

वधू, वर, दोन साक्षीदार, फादर. चर्चच्या नियमाने साक्षीदार कॅथलिकच हवा असं नाही; शेजारचा हिंदू मित्रही चालतो. संमतीच्या वेळी तो तिथे हजर हवा, आणि काय चाललंय ते त्याला कळत असावं.